इन्स्टॉल करताना संगणक हँग झाला तर



विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या संगणकावर नवी सिस्टिम टाकण्याचे काम निघाले आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसेल तर इन्स्टॉलर तसे स्पष्ट सांगतो. त्याला हँग होणे म्हणत नाहीत.

आपल्या मंडळाचा संगणक या अटीत बसला नाही, म्हणून आम्ही त्यावर मोफत मिळणारे लिनक्स मिंट टाकायला घेतले. फाइली कॉपी होण्याची पट्टी निम्म्यावर आली आणि सगळे जागच्या जागी थांबले. जुनी विंडोज पुसली गेली होती आणि नवी सिस्टिम आली नव्हती. सभासदांची यादी, जुन्या गणेशोत्सवांचे जमाखर्च, आज हयात नसलेल्या ज्येष्ठांनी सांगितलेल्या आठवणी, सारे त्याच डिस्कवर होते. सुदैवाने सुरुवात करण्यापूर्वी एका ताईंनी हटकले, "आधी कॉपी काढली का?" त्यांच्यामुळे सगळे वाचले.

आधी कॉपी, मग बाकीचे

म्हणून पहिला नियम हाच. लिनक्स मिंट इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. विंडोज सुरू होत नसली, पण डिस्क ठीक असली, तर या मार्गानेही फाइली बाहेर काढता येतात. कॉपी दोन ठिकाणी ठेवा आणि दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

फॉन्टही विसरू नका. युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्ट्सचे फोल्डरही सोबत घ्या.

खरेच हँग झाला आहे का?

कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल किंवा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर संगणक बहुधा काम करतो आहे. जुन्या हार्ड डिस्कवर वेळ लागतोच. अर्धा तास थांबा. दिवेही थिजलेले असतील तरच पॉवरचे बटण काही सेकंद दाबून बंद करा.

मग कुठे अडकला ते कागदावर लिहा. सुरुवातीच्या लोगोवरच अडकत असेल तर ग्राफिक्स किंवा जोडलेल्या एखाद्या यंत्राचा संशय घ्यावा. मिंटच्या पहिल्या मेनूत यासाठी कम्पॅटिबिलिटी मोड दिलेला असतो. फाइली कॉपी होताना अडकला तर पेनड्राइव्ह, रॅम किंवा डिस्क बघावी. रिस्टार्टनंतर अडकला तर ड्रायव्हर किंवा बायोसच्या सेटिंगकडे वळावे.

एका वेळी एकच बदल

बँकेत तेरीज जुळली नाही तर आम्ही चार नोंदी एकदम बदलत नसू. जुळली तरी चूक कुठे होती ते कळत नाही. इथेही तसेच करावे, आणि बिनखर्चाचे उपाय आधी.

१. प्रिंटर, जादा डिस्क, वेबकॅम काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्ह ठेवा.

२. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावा, मग दुसरा पेनड्राइव्ह वापरा. डाउनलोड अपुरे झाले असू शकते. मिंटच्या संकेतस्थळावर मूळ फाइलचा चेकसम दिलेला असतो. आपल्या फाइलचा चेकसम काढून तो त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. एक अक्षर वेगळे असले तरी फाइल पुन्हा उतरवा.

३. डेस्कटॉपची वायर काढून झाकण उघडा. आतील लोखंडी सांगाड्याला हात लावून मग रॅमची पट्टी काढा. सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. मेमटेस्ट८६ हे मोफत साधन रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तर त्या पट्टीवर भरवसा नको.

४. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर प्रयोग थांबवा. आधी फाइली वाचवा.

५. पंख्यावरची धूळ काढा. आपल्याकडे मे महिन्यात हे काम दुपारी काढूच नये. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर यूपीएस हवाच. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा.

आमच्या संगणकात रॅमची एक पट्टी खराब निघाली. रोजच्या पत्रव्यवहारात ते जाणवत नव्हते. इन्स्टॉल होताना मात्र पेनड्राइव्हवरून वाचणे, रॅममध्ये उलगडणे आणि डिस्कवर लिहिणे सलग चालते, त्यामुळे लपलेला दोष वर येतो. मार्चअखेरच्या क्लोजिंगला वर्षभराच्या चुका सापडतात, तसेच हे. वारासिवनीत जुन्या डीडीआर३ प्रकारची पट्टी मिळाली नाही, ती गोंदियाहून आणवली. डीडीआर४ त्या जागी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी दुकानात दाखवायला सोबत न्यावी.

आता मंडळाचा संगणक नीट चालतो आहे. ज्यांच्या घरी मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या फाइली किंवा फोटो असतील, त्यांनी संगणकाला हात लावण्याआधी त्यांची एक प्रत मंडळात आणून द्यावी, ही विनंती.