विलंबाची किंमत

३ मे २००२ रोजी पंजाबातील जालंधर शहरात हवाई दलाचे एक मिग-२१ विमान एका बँकेच्या इमारतीवर कोसळले. उड्डाणात इंजिनाने दगा दिला. वैमानिक हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावला, परंतु जमिनीवरील आठ माणसे प्राणास मुकली.

एकइंजिनी लढाऊ विमानामागील हिशेब सरळ असतो. दुसरे इंजिन नसल्याने विमान हलके, चपळ आणि स्वस्त होते. मात्र ते एकुलते इंजिन बंद पडले, की आखूड त्रिकोणी पंखांचे मिग-२१ झपाट्याने उंची गमावते. इंजिन पुन्हा सुरू करावयाचे, वस्ती टाळावयाची, की आसनासह बाहेर पडावयाचे, याचा निर्णय वैमानिकास काही क्षणांत घ्यावा लागतो. खरेदीत वाचलेला पैसा त्या क्षणी व्याजासह वसूल होतो.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. १९६३ साली दाखल झालेल्या या विमानाने १९७१ च्या युद्धात मोलाची कामगिरी बजावली. नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात त्याची बांधणी झाली. यंत्र म्हातारे होते हे सर्वांस ठाऊक होते. प्रश्न होता तो त्याला वेळेवर निवृत्त करण्याचा आणि तरुण वैमानिकांना त्याच्यासाठी नीट तयार करण्याचा.

नेमके तेथेच दिरंगाई झाली. प्रगत प्रशिक्षण विमानांची शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ साली केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. तेजस प्रकल्पास १९८३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचे पहिले पथक उभे राहिले २०१६ मध्ये. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवामुक्त झाले. दरम्यान, २०१२ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली होती. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले होते. यांतील प्रत्येक अपघात विलंबामुळेच घडला असे कोणी म्हणणार नाही. पण एकही त्यामुळे घडला नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

सरकारी हिशेबाची रीत अशी, की लांबणीवर टाकलेली खरेदी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसते. नष्ट झालेले विमान, वर्षानुवर्षे खर्चून घडविलेला वैमानिक आणि उद्ध्वस्त झालेले घर यांची नोंद मात्र त्या बचतीसमोर कोठेच होत नाही. हा खर्च अदृश्य असतो. म्हणूनच तो करणे सोपे जाते.

मिग-२१ गेले. पण त्याची जागा घेणारे तेजसही एकइंजिनी आहे, आणि त्याचे इंजिन अजून परदेशातून येते. तेव्हा संरक्षण खरेदीचा निर्णय पुढे ढकलताना त्या विलंबाची अंदाजे किंमतही संसदेपुढे मांडण्याचा दंडक घालावयास हवा. न केलेल्या खर्चाचे बिल कोणी तरी भरतेच. ते कोण भरणार, हे राष्ट्राने आधी जाणून घ्यावे.