गाडीचे वय मोजावे की धूर?

बीड, गेवराई, परळी, अंबाजोगाईच्या वस्त्यांतून फिरलात, तर एखाद्या दारासमोर पुसून लख्ख ठेवलेली चेतक किंवा प्रिया स्कूटर अजूनही दिसते. क्वचित कुठे प्रीमियर पद्मिनीही दिसते. शिकून नोकरीला लागलेल्या पिढीने पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेले घरातले हे पहिले वाहन. आता मुलांकडे नवी गाडी आहे. तरी रविवारी जुनीचा कार्ब्युरेटर खोलून बसण्याची हौस सुटत नाही.

पण ही हौस महाग होत चालली आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढील मोटारीसाठी १०,००० आणि दुचाकीसाठी २,००० रुपये ठरले. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच.

याउलट ५० वर्षांपुढील मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. पहिल्यांदा २०,००० रुपये भरले की १० वर्षे पाहायला नको. पुढचे नूतनीकरण ५,००० रुपयांत. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीसाठीच काढता येते, हे खरे. पण अर्ध्या शतकापूर्वी मोटार कोणाच्या दारी होती? गुरुजींची तीस वर्षांची पद्मिनी ना नव्यात, ना व्हिंटेजमध्ये!

म्हणून धुराकडे डोळेझाक करावी, असे मुळीच नाही. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, काही इंधन न जळताच बाहेर पडते. तो धूर गल्लीतल्या लेकरांच्याच छातीत जातो. जुनी गाडी नव्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही, हेही मान्य. पण धूर मोजण्याचे माप कायद्यात आहेच. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. त्यानंतरच्या दुचाकीला बीएस-४ येईपर्यंत ही मर्यादा ३.५ टक्के होती. जी गाडी या मापात बसते आणि महिन्यातून दोन-चारदाच रस्त्यावर येते, तिला केवळ वयासाठी वाढता दंड का?

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘१५ वर्षे झाली, आता गाडी भंगारातच’ असे सांगून कोणी कवडीमोल भावात गाडी मागत असेल, तर फसू नका. १० वर्षांपुढील डिझेल आणि १५ वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवरची २०१८ ची सर्वोच्च न्यायालयाची बंदी दिल्ली परिसरापुरती होती, बीडसाठी नव्हे.

हौशी मालकांनी मात्र आपली बाजू पक्की ठेवावी. नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो. उशीर झाल्यास दुचाकीला दरमहा ३०० आणि मोटारीला ५०० रुपये जादा पडतात. पीयूसीला जाण्याआधी एअर फिल्टर आणि प्लग साफ करावा, ऑइल मापातच टाकावे, इंजिन गरम होऊ द्यावे. आपल्या गाडीचा धूर मर्यादेत असल्याचा कागद हाती असेल, तरच शुल्काबद्दल सरकारला ठणकावून विचारता येईल.