चारशे सशांची आई

दारू हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारीत नसे. ‘ते’ म्हणत. ‘त्यांचे ते पुन्हा सुरू झाले’ असे मामी माजघरात आईला हलक्या आवाजात सांगे, आणि आम्ही मुले काय ते समजून जात असू. माझे धाकटे मामा, नानामामा, मालवणकडच्या भजनांत पेटी वाजवीत. हात असा गोड, की बुवा चुकला तर लोक पेटीकडे कान देत. बेचाळिसाव्या वर्षी ‘त्या’नेच ते गेले. मामीने शिवणाचे यंत्र घेऊन दोन मुलांना मोठे केले.

आणखी एक आठवण आहे. आमच्या गावी राखणदाराला नारळाबरोबर बाटलीही ठेवीत. कोकणातल्या वाचकांना हे नवे नाही. सात-आठ वर्षांची असताना मी मामीला विचारले होते, “देवाला चालते, मग मामांना का गं चालत नाही?” आयुष्यात मामीने मला मारले ते तेवढे एकदाच.

तेव्हा वाचकहो, मेक्सिकोतल्या एका दारूविषयी मी दिवाळी अंकात लिहायला बसले आहे, हे मामीला कळते तर तिने काय म्हटले असते, याचा विचार करतच ही लेखणी हाती धरली आहे.

माझे जावई मेक्सिको शहरात नोकरीला आहेत. २०२४ साली दिवाळीला मी तिकडे गेले. योग असा, की त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले आणि तिकडचा मृतांचा सण १ आणि २ नोव्हेंबरला असतो. लेक म्हणाली, “आई, यंदा आपण वाहाकाला जाऊ. तिथला सण बघण्यासारखा असतो.” वाहाका हा दक्षिणेकडचा डोंगराळ प्रांत, सापोतेक आणि मिश्तेक या जुन्या लोकांचा. शहरापासून तासाभराच्या वाटेवर एका खेड्यात आम्ही उतरलो. घराची मालकीण पंच्याहत्तरीची सापोतेक बाई. तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘दोन्या’ म्हणतात. मीही तिला तेच म्हणू लागले. तिच्या मुलांची परसात मेस्कालची भट्टी होती. हे लेकीने मला आधी सांगितले नव्हते!

खेड्याच्या चहूबाजूंना घायपात. आपल्याकडे देशावर रेल्वेच्या कडेला, शेताच्या बांधावर असते तेच कुळ. आपण त्याला कुंपण समजतो, फार तर दोराचा वाख. तिकडे ती शेती आहे. नेहमीच्या जातीला तयार व्हायला सहा ते दहा वर्षे लागतात. डोंगरातल्या काही रानटी जातींना वीस-पंचवीससुद्धा. आणि केळीसारखे हे झाड एकदाच फुलते नि मरते. फुलोऱ्याचा दांडा उंच चढू लागला, की तो छाटतात, म्हणजे साखर गड्ड्यातच राहते. मग पाने तासून मधला गड्डा काढतात. दिसायला प्रचंड अननसासारखा, वजनाला पन्नास-पन्नास किलो.

त्या गड्ड्यांची भट्टी लावताना मी जवळून पाहिली. जमिनीत शंकूसारखा खड्डा, तळाशी लाकडांचा जाळ, त्यावर लाल तापलेले दगड. गड्डे रचून वर चोथा, चटया आणि माती. ढीग लिंपून झाल्यावर थोरल्या मुलाने माथ्यावर काड्यांचा छोटा क्रूस खोचला आणि टोपी काढून क्षणभर उभा राहिला. आता तीन-चार दिवस हात लावायचा नाही. आधीच्या भट्टीतला भाजलेला तुकडा त्याने मला चाखायला दिला. गुळाची चव, धुराचा वास, आणि उसासारखा चावून चोथा थुंकायचा. पुढे खेचर दगडी चाक गोल ओढते, त्याखाली हे गड्डे चिरडतात. आपल्याकडची जुनी चुन्याची घाणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. मग लाकडी पिंपांत आंबवण, आणि दोनदा ऊर्ध्वपातन. उतरलेली मेस्काल वेळूच्या नळीने ओढून वाडग्यात सोडतात आणि वर येणारे मोत्यांसारखे बुडबुडे किती टिकतात त्यावरून जोर ओळखतात.

‘मेस्काल’ हा शब्द नाहुआत्ल भाषेतला. अर्थ एवढाच, की भाजलेले घायपात. आपल्या ऐकण्यातली टकीला ही तिचीच एक शाखा, निळसर घायपाताची. मात्र ऊर्ध्वपातनाचा प्रसार तिकडे स्पॅनिश आल्यावर झाला. पश्चिम किनाऱ्यावर तर, अनेक अभ्यासकांच्या मते, मनिलाच्या गलबतांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी ही विद्या शिकविली. ते माडाची माडी काढून तिची दारू गाळीत. म्हणजे आमच्या कोकणातल्या भंडाऱ्यांचे दूरचे व्यवसायबंधूच की!

त्याआधी हजारो वर्षे होती ती पुल्के, घायपाताच्या रसाची आंबलेली माडी. तिची देवता मायाउएल. कथा अशी, की केत्सालकोआत्ल देवाने तिला आकाशातून पळवून आणले. दोघे एकाच वृक्षाच्या दोन फांद्या होऊन लपली. पण तिच्या आजीने पाठलाग करून तिला फाडून टाकले. देवाने उरलेली हाडे पुरली आणि तिथून घायपात उगवले. मायाउएलला मुले चारशे, आणि सगळे ससे! तिकडे चारशे म्हणजे अगणित. दारू चढली की कोणी गातो, कोणी रडतो, कोणी भांडतो. ज्याच्या अंगात जो ससा शिरेल तसा तो वागायचा.

दारूला देव मानणारे हे लोक पिऊ देण्यात मात्र भारी कडक होते. सोळाव्या शतकातल्या मेंदोसा चित्रपोथीत सत्तरीची म्हातारी खुशाल पिताना दाखविली आहे, कारण तिचे कर्तव्य संपले. आणि त्याच पानावर दारूपायी देहदंड झालेले तरुणही आहेत. साहागुन या पाद्र्याने टिपून ठेविलेली एक गोष्ट तर मला फारच आवडली. मेजवानीत प्रत्येकाला चार पेले मिळाले. एका सरदाराने पाचवा मागितला, भान सुटले, त्याने चारचौघांत लंगोटी फेकून दिली आणि शुद्धीवर आल्यावर लाजेने आपली सारी जमात घेऊन देश सोडला. पाचवा पेला! नानामामांचा पाचवा पेला कुठला होता कोण जाणे.

आजही वाहाकात बारसे, लग्न, मयत, मेस्कालवाचून होत नाही. लग्नासाठी तर भट्टीच्या भांड्यात फळे, मसाले आणि कोंबडीचा नाहीतर टर्कीचा छातीचा भाग टांगून खास मेस्काल काढतात. (शाकाहारी वाचकांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे.) पिण्याआधी काही थेंब जमिनीवर सांडायचे, कारण पहिला घोट मातीचा. पेलाही मौजेचा, चर्चमधली मेणबत्ती ज्यात जळते तोच काचेचा. मेणबत्ती संपली की पेला घरी येतो. तळाशी क्रूस उमटलेला असतो. तो दिसेपर्यंत प्यावे लागते, असे दोन्याचा धाकटा डोळे मिचकावून म्हणाला.

शहरातले शिष्ट लोक या दारूला गावंढळ म्हणून नाके मुरडीत. १९९४ साली तिला मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आणि आता परदेशी उपाहारगृहांत तिला मोठा भाव येतो. पण दाखला नसेल तर बाटलीवर ‘मेस्काल’ लिहिता येत नाही. ‘घायपाताची गाळलेली दारू’ एवढेच लिहावे लागते. दोन्याकडे दाखला नाही, खर्च झेपत नाही म्हणून. “आजोबांपासून जे काढतो त्याचे नाव आम्हीच घ्यायचे नाही!” ती म्हणाली. रानातले घायपातही लोक फुलायच्या आधीच उपटून नेतात. त्या फुलांवर वटवाघळे जगतात, वटवाघळांनी परागण केले तर बी धरते. म्हणून दोन्याचा थोरला बांधावरची काही झाडे मुद्दाम फुलू देतो. त्याचे पैसे बुडतात. बायको बोल लावते.

१ नोव्हेंबरची संध्याकाळ. खोलीत आम्ही पणत्या लावल्या, लक्ष्मीची तसबीर मांडली, मी मुंबईहून नेलेल्या करंज्यांचा नैवेद्य दाखविला. खाली दोन्याची वेदी सजली होती. झेंडूच झेंडू! दसऱ्याला आपण ज्याची तोरणे करतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. फळे, पाव, मीठ, पाणी, कोपलचा धूप, आणि गेलेल्यांच्या तसबिरी. त्या रात्री मोठी माणसे घरी येतात. दोन्या म्हणाली, “तुमचेही कोणी असेल तर जागा आहे.”

माझ्या पाकिटात आईचा आणि नानामामांचा एक जुना फोटो असतो. तो मी ठेविला. दोन्याने विचारले, त्यांना काय आवडायचे? लेकीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, खरे ते सांग. सांगता सांगता तिचाही आवाज बसला.

दोन्या काही वेळ बोलली नाही. मग तिने वरच्या रांगेतला रुंद टोपीतला एक माणूस दाखविला. तिचा नवरा. तोही त्यानेच गेला. स्वतः गाळायचा आणि स्वतःच संपवायचा. त्याच्यापुढे एक पेला भरलेला होता.

“तरी ठेवता?” माझ्या तोंडून गेले.

“एक ठेवते,” ती म्हणाली. “जिवंत होता तेव्हा एकावर कधी थांबला नाही. आता वर्षाला एक. माझ्या हातून.”

तिने रिकामा पेला माझ्या हाती दिला. मी बराच वेळ तो धरून उभी होते. मामी आठवत होती, तिचे शिवणयंत्र आठवत होते, ती थप्पडही. मग मी मेस्काल ओतली, चार थेंब जमिनीवर सांडले आणि पेला फोटोपुढे ठेविला. शेजारी मामीच्या नावाची एक करंजी ठेविली, तिच्याच पद्धतीने मुरड घातलेली.

सकाळी पाहिले तर पेल्यातली पातळी काठापासून जराशी खाली गेली होती. “आई, स्पिरिट उडून जाते,” लेक म्हणाली. दोन्या नुसतीच हसली आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या झाडू लागली. करंजीला मात्र एका कोपऱ्यातून मुंग्या लागल्या होत्या.