लिफिस्टियस : खंडयुक्त उदराचा कोळी

जमिनीत बीळ खणून त्याच्या तोंडावर रेशमी बिजागरीचे दार बसविणारे कोळी भारतात आढळतात. इडिऑप्स हा त्यांतील एक वंश होय. मलाया द्वीपकल्पातील ओलसर मातीच्या उतारांवर लिफिस्टियस वंशाचे कोळीही असेच दार करतात. दोहोंची बिळे पाहून ते एकाच कुळातील असावेत असे कोणासही वाटेल. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे.

पिनांग येथील नमुन्यावरून स्क्यॉटे या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञांनी १८४९ साली लिफिस्टियस वंश स्थापिला, आणि निबंधाच्या मथळ्यातच त्यास चाकोरीबाहेरचा ठरविले. इतर कोळ्यांचे उदर बहुधा मऊ पिशवीसारखे असते. लिफिस्टियसच्या पाठीवर मात्र विंचवाप्रमाणे एकामागून एक कठीण फलक असतात. शिवाय सूत काढणारे अवयव उदराच्या टोकाशी नसून त्याच्या खालच्या अंगास, मध्यभागी असतात.

या दोन लक्षणांच्या आधारे पोकॉक यांनी १८९२ साली समस्त कोळ्यांची विभागणी केली. (भारतातील कोळी-विंचवांवरील १९०० सालचा ग्रंथ याच पोकॉक यांचा.) एका बाजूस लिफिस्टियस व त्याचे आप्त, दुसऱ्या बाजूस उरलेले सर्व कोळी! म्हणजे दाराच्या बाबतीत लिफिस्टियसशी जुळणारा इडिऑप्स, नात्याने आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्यास अधिक जवळचा ठरतो.

येथे एक शंका उद्भवते. लिफिस्टियस व इडिऑप्स या दोहोंचे विषदंत वरून खाली समांतर उतरतात. दोहोंस पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. मग ते निकटचे आप्त का नव्हेत? कारण ही लक्षणे सर्व कोळ्यांच्या प्राचीन पूर्वजांपासून चालत आलेली आहेत. जुना वारसा दोघांनी जपला, एवढ्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. लिफिस्टियसचे खंडयुक्त उदर हाही असाच जुना वारसा आहे. फ्रान्समधील मोंसो-ले-मीन येथे सापडलेल्या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात सूत काढणारे अवयव असेच मध्यभागी दिसतात.

तथापि त्यास ‘जिवंत जीवाश्म’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. त्यास विषग्रंथी नसतात ही समजूतही २०१० मधील संशोधनाने खोटी ठरली. बिळाच्या तोंडापासून तो जमिनीवर सुताचे ताठ धागे पसरतो व रात्री पायांची टोके त्यांवर ठेवून दाराआड बसतो. कीटक धाग्यास अडखळला की क्षणात बाहेर झेप घेतो. जपानमधील त्याचा आप्त हेप्टाथेला दार करतो, परंतु असे धागे पसरीत नाही.