फारखत

कर्ज पूर्णपणे फिटले असून ऋणकोवर कोणताही दावा उरलेला नाही, असे धनकोने लिहून दिलेले मुक्तिपत्र. फारखती व फारकत ही याच शब्दाची अन्य रूपे होत. अरबी ‘फारिग’ (मोकळा) व ‘खत’ (लेख) यांपासून बनलेला हा शब्द फार्सीमार्गे मराठीत आला. फारकत हे रूप ‘फुर्कत’ (वियोग) या अरबी शब्दाशी ध्वनीने जुळते. परंतु ‘खत’ या घटकावरून मूळ अर्थ लेखवाचकच ठरतो.

शब्द परका असला, तरी प्रथा जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार अंशतः फेडलेली रक्कम ऋणपत्राच्या पाठीवर नोंदवावी व पूर्ण फेड होताच ते फाडावे किंवा शुद्धीसाठी दुसरा लेख करून द्यावा. कर्जरोखा धनकोच्या हाती असतो. तो परत मिळाला नाही व फारखतही नसली, तर फिटलेल्या कर्जाची पुन्हा मागणी होऊ शकते. निरक्षर कुळाजवळ तिच्याविरुद्ध पुरावा नसतो.

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांत झालेल्या दख्खनच्या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख सावकारांकडील खते व हुकूमनामे नष्ट करण्यावर होता. त्यानंतर १८७९ च्या ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ने शेतकरी ऋणकोस भरण्याची लेखी पावती मिळण्याचा हक्क दिला. अहमदनगरला लागून असलेला कडा-आष्टी परिसर हल्ली बीड जिल्ह्यात मोडतो. त्या जिल्ह्याचा निजामी मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे हा ब्रिटिश कायदा चालत नसे.

पुढे शब्दाचा अर्थ विस्तारला. कर्जाबरोबरच भागीदारी वा एकत्र कुटुंबातील हक्क सोडल्याच्या लेखासही फारखत म्हणत. त्यावरून घटस्फोट हा अर्थ रूढ झाला. ‘सोडचिठ्ठी’ या शब्दातही सोडणे व लेख या दोन कल्पना एकत्र आल्या आहेत. आज ‘फारकत घेणे’ म्हणजे संबंध तोडणे. मूळ ऋणवाचक अर्थ बोलीतून जवळजवळ लोपला आहे. सहकारी संस्थांच्या व्यवहारात त्याची जागा ‘बेबाकी दाखल्या’ने (बे – विना, बाकी – शिल्लक) घेतली आहे.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या कर्जमुक्ती कायद्याने सीमांत शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर इ. पात्र ऋणकोंची सावकारी कर्जे विधिद्वारेच संपुष्टात आणली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. अशा मुक्तीस धनकोच्या फारखतीची गरज उरली नाही.