बियाण्याची पिशवी आणि उद्योगाची पत

नवा उद्योग उभारू पाहणाऱ्या तरुणाला भांडवल कोठून मिळेल, हे सांगणारे आज पुष्कळ भेटतात. परंतु उद्या शेजारीच कोणी अधिक पैसा ओतून तोच माल विकू लागला, तर गिऱ्हाइकाने आपल्याकडे का यावे, हा प्रश्न त्याला क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः नवजात उद्योगाचे आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. ते उत्तर शोधण्यासाठी मराठवाड्यातील वाचकाने दूर जाण्याचे कारण नाही.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. ज्वारीचे सीएसएच-१ हे संकरित वाण त्याच वर्षी प्रसारित झाले. ते सरकारी संशोधनातून निघाले होते, आणि बियाणे तयार करण्यासाठी राष्ट्रीय बीज निगमही १९६३ पासून अस्तित्वात होते. म्हणजे नव्या कंपनीपाशी ना गुपित होते, ना मक्तेदारी. तरीही ती टिकली आणि वाढली. हे कसे घडले?

याचा उलगडा बियाण्याच्या धंद्याच्या स्वरूपातच होतो. संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनात मादी आणि नर वाणांच्या ओळी शेजारीशेजारी पेराव्या लागतात. परक्या ज्वारीचा पराग येऊ नये म्हणून शेत इतरांपासून दूर राखावे लागते आणि भेसळीची झाडे फुलोऱ्यापूर्वीच उपटावी लागतात. यात हयगय झाली, तर ती पिशवीतील दाण्यांत दिसत नाही. ती दिसते कणसे निसवल्यावर, आणि तोवर शेतकऱ्याचा हंगाम हातचा गेलेला असतो. त्यामुळे शेतकरी पैसे मोजतो ते दाण्यांपेक्षा विश्वासासाठी. असा विश्वास आणि बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या अंगी मुरलेली शिस्त प्रतिस्पर्ध्याला एका हंगामात विकत घेता येत नाही. नव्या उद्योगाची खरी तटबंदी हीच.

अर्थात एवढ्यावर भागत नाही. उधारीच्या ज्ञानावर उद्योग फार काळ चालत नाही. पुढे या कंपनीने स्वतःचे संशोधन उभारले. तिचे संशोधन केंद्र बदनापूर तालुक्यातील दावलवाडीला आहे. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्याचे तंत्रज्ञान महिको आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीच्या हाती होते. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने तिच्या स्वामित्वशुल्काविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, आणि सोळाशे रुपयांच्या घरातील पिशवी साडेसातशेवर आली. विश्वासातून आलेली आघाडी गिऱ्हाईक आपणहून मान्य करते. दुसरा पर्याय नसल्यामुळे मिळालेली आघाडी तो केवळ सोसतो, आणि सरकारला हस्तक्षेपाचे निमंत्रण मिळते. हा भेद नव्या उद्योजकाने प्रारंभीच ओळखलेला बरा.

आज हाच प्रश्न बदनापुरात नव्या रूपाने उभा आहे. येथील कृषी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे असून बीडीएन-७११, बीडीएन-७१६ यांसारखे तुरीचे वाण त्याने दिले आहेत. हे ज्ञान सार्वजनिक आहे. तुरीचे बियाणे किंवा डाळ विकू पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला ते उपलब्ध आहे, तसेच तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होते. म्हणून वाण शुद्ध राखायचा तर शेजारच्या शेतांपासून अंतर हवे आणि त्यासाठी शेजाऱ्यांचे सहकार्य हवे. मोठ्या भांडवलदाराला हे सहकार्य सहजी मिळणार नाही. गावच्या सभासदांच्या कंपनीला मिळू शकेल. मात्र तिने पहिल्याच वर्षी निकृष्ट माल चांगल्यात मिसळला, तर ही नैसर्गिक अनुकूलता मातीमोल होईल.

अनुदानाने इमारत उभी राहते, यंत्रे येतात. पत मात्र हंगामागून हंगाम कमवावी लागते. ज्या पिशवीवर आपले नाव छापले, तिच्यातील खराब लॉट बाजारात न पाठवता तोटा सोसण्याची तयारी आहे काय, हे आपल्या सुशिक्षित तरुणांनी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारले पाहिजे.