बाबा, क्लच आणि मी

"कार येते का गं तुला?" असं ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी विचारलं, की मी बिनधास्त "हो" म्हणायचे. खोटं नव्हतंच ते. लायसन्स होतं ना! 2016 साली काढलेलं, पाकिटात एटीएम कार्डाच्या मागे ऐटीत बसलेलं. ओळखपत्र म्हणून त्याचा उपयोग फार. गाडी चालवण्यासाठी मात्र ते सात वर्षांत एकदाही बाहेर आलं नव्हतं. अ‍ॅक्टिव्हा झिंदाबाद! कर्वेनगर ते बाणेर, बटण दाबा आणि सुटा. गिअरबिअर हवेत कुणाला?

मग 2023 च्या फेब्रुवारीत बाबांचा डावा गुडघा बदलला.

ऑपरेशन छान झालं. बाबा जिने चढू लागले, भाजी आणू लागले. आमची जुनी वॅगन आर मात्र कव्हर घालून खाली उभीच. मॅन्युअल गाडीत डाव्या पायाला काम एकच, क्लच दाबायचं. पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते एकच काम मिनिटाला चारदा करावं लागतं. डॉक्टरांनी काही महिन्यांनी परवानगी दिली, तरी बाबा स्टिअरिंगला हात लावेनात. एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाले, "विकून टाकू गाडी. उभ्या उभ्या सडतेय."

माझ्या बारावीच्या सेंटरपासून रात्री दीडच्या स्टेशनपर्यंत ज्या माणसाने मला सगळीकडे सोडलं आणि आणलं, तो हे बोलत होता, तेही ताटाकडे बघत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चालवते."

आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

तो पाय माझा नव्हताच!

पार्किंगपासून सोसायटीच्या गेटपर्यंत अंतर असेल पन्नास पावलांचं. तेवढ्यात गाडी तीनदा बंद पडली. वॉचमनकाका गेट उघडून उभे होते. त्यांनी ते पुन्हा लावून घेतलं.

"क्लासमध्ये कशी चालवायचीस मग?" बाबांनी विचारलं.

"एकदम स्मूथ! सर तर शेजारी बसून फोनवर बोलत असायचे."

"आणि त्यांचे पाय कुठे असायचे?"

बॉस, त्या क्षणी माझी ट्यूब पेटली. क्लासच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक असतो. अपघात टाळायला तो हवाच. पण माझ्या सरांनी बहुधा पंधराही दिवस त्यावरचा पाय काढला नव्हता. मी मारे गिअर टाकायचे, क्लच मात्र तेच सांभाळायचे. टेस्टला पहिल्या गिअरमध्ये कसाबसा आठचा आकडा काढला आणि स्वतःला एक्स्पर्ट समजून घरी आले. थोडक्यात, फी भरून मी फक्त स्टिअरिंग फिरवायला शिकले होते.

रथ आणि बैलजोड्या

दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला एका रिकाम्या मैदानावर बाबांनी शाळा भरवली. पहिल्या दिवशी अ‍ॅक्सिलेटरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय! फक्त पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज किंचित खाली येतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं. तो पॉइंट सापडला, की पाय तिथेच थांबवायचा. तो काही गाडीच्या पुस्तकात छापलेला नसतो. प्रत्येक गाडीत तो थोडा वेगळा असतो आणि आपल्या तळपायालाच शोधावा लागतो.

"इंजिन फिरतंय, चाकं उभी आहेत," बाबा म्हणाले. "दोघांची गाठ घालून देतो तो क्लच. एकदम सोडलास तर इंजिनाला झेपत नाही, ते मान टाकतं. हळू सोडलास तर प्लेट आधी थोडी घसरते, मग पकडते."

"आणि गिअर पाच कशाला? एकच चांगला मोठा द्यायचा ना!"

बाबांनी जरा विचार केला. आमची आत्या सासवडची, त्यामुळे उदाहरण थेट तिकडूनच आलं. "माउलींचा रथ दिवेघाटात आला की काय करतात? जादा बैलजोड्या जुंपतात. घाट संपला, की त्या सोडतात. पहिला गिअर म्हणजे त्या जोड्या. ताकद भरपूर, वेग नाही. पाचवा म्हणजे सपाट रस्ता. वेग आहे, पण चढ आला की दम नाही."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत गिअर रेशो मला इतका पटकन कळला नव्हता, शप्पथ!

पौड फाट्यावरची मिनिटं

चौथ्या आठवड्यात कॉन्फिडन्स आला. पाचव्यात गेला. पौड फाट्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं. मागे पीएमपीची बस, अगदी टेकून. पुढची रिक्षा हलली. मी ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी चक्क मागे सरकली.

"ब्रेक! क्लच! अगं दाब ना!" बाबा ओरडले. गाडी बंद. हॉर्न. पुन्हा स्टार्ट, पुन्हा बंद. मग मीही ओरडले, "मग तुम्हीच चालवा ना!"

बाबा गप्प झाले. शेवटी हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी काढली. घरापर्यंत कुणीच बोललं नाही.

रात्री बाबा माझ्या खोलीत आले. म्हणाले, "मी बसला घाबरून ओरडलो नाही गं. माझा डावा पाय क्लच दाबत होता आणि खाली काही नव्हतंच."

मी काय बोलणार? एका क्लासवाल्याने पाय काढला नाही म्हणून मी शिकले नव्हते. आणि इथे एका माणसाला शेजारी बसून, खाली काही नसताना, पाय दाबत राहावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीच त्यांना उठवलं. त्याच पुलावर गेलो. रस्ता रिकामा होता. चढावर थांबून निघायचं, वळून परत यायचं, पुन्हा थांबायचं. अकरा वेळा! हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच त्या पॉइंटपर्यंत, थोडा अ‍ॅक्सिलेटर, गाडी पुढे ओढू लागली की हँडब्रेक खाली. अकराव्यांदा बाबा घड्याळ बघत म्हणाले, "चल, चहा घेऊ."

दिवेघाट

ऑक्टोबरमध्ये आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. बाबा ऑपरेशननंतर सासवडला गेलेच नव्हते. "एसटीने जाऊ," ते म्हणाले. मी चावी दाखवली.

हडपसर पार पडलं, वडकी मागे गेलं आणि घाट लागला. पुढे विटांनी भरलेला ट्रक, मुंगीच्या चालीने. तिसऱ्यात गाडी धापा टाकू लागली, तशी मी दुसरा टाकला. तिला हायसं वाटलं, मलाही. तिरक्या नजरेने बघितलं, तर प्रत्येक गिअरला बाबांचा डावा पाय मॅटवर दाबला जात होता. मी काही बोलले नाही. अर्ध्या घाटात ट्रक थांबला. मी हँडब्रेक ओढला. ट्रक हलला, मीही निघाले. एक इंचही मागे नाही!

"मस्तानी तलाव बघ," बाबा म्हणाले. मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. पण ते मात्र खिडकीतून तलाव बघत होते, निवांत. त्यांचे दोन्ही पाय शेजारी शेजारी, स्वस्थ.

हल्ली मित्रमंडळी सल्ला देतात, ऑटोमॅटिक घे की! 2014 मध्ये सेलेरिओ आली, तेव्हापासून एएमटी बजेटमध्येही बसते. ज्या चेतकवर बाबा मुठीने गिअर पिळायचे, ती आता इलेक्ट्रिक झालीय आणि तिला गिअरच नाहीत. पुढची गाडी आम्हीही तशीच घेऊ, म्हणजे बाबासुद्धा चालवतील. पण वॅगन आरचं कव्हर आता माळ्यावर गेलंय. आणि कँटीनमध्ये कुणी विचारलं, तर मी अजूनही "हो"च म्हणते.

लक्षात ठेवाच!

• क्लास लावलात तर पहिल्याच आठवड्यात सांगा, "सर, क्लचवरून पाय काढा." ब्रेकवर राहू दे!

• गाडी चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. प्लेट झिजते. जळका वास आला, तर समजा ती रागावली.

• चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. त्यासाठी हँडब्रेक आहे.

• उतारावर न्यूट्रल नको. इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते तापले, की पकड कमी होते. पेट्रोल वाचतं म्हणाल, तर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की इंधन स्वतःच तोडतात.

• गाडी बंद पडली? पडू दे. ब्रेक, क्लच, न्यूट्रल, स्टार्ट. मागचा हॉर्न वाजवणाराही कधीतरी असाच शिकलाय.